फ्रीगंजात फुकट काय होतं?

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे फ्रीगंजात, खोली शोधायची तर मान वर करून चालावं लागतं. पाट्या गच्चीच्या कठड्याला, विजेच्या खांबाला, कुठे कडुलिंबाच्या बुंध्याला ठोकलेल्या असतात. मजकूर एकच : 'कमरा किराये से देना है.' लखनऊकडचा माणूस हे वाचून हसतो, कारण त्याच्याकडे घर 'किराये पर' मिळतं. आमच्या माळव्यात मात्र 'किराये से'. मला या 'से'मध्ये आपला 'भाड्याने'तला 'ने' ऐकू येतो. भाषेचे जाणकार काय म्हणायचं ते म्हणोत. शिंद्यांच्या या गावात घरमालक मराठी आणि बिऱ्हाडकरूही मराठी अशी घरं मी लहानपणापासून पाहिली आहेत. एखादा प्रत्यय इकडचा तिकडे गेला असेल तर नवल वाटायला नको.

गेले तीन आठवडे मी मान वर करून फिरतो आहे. पुतण्याची मुलगी विक्रम विद्यापीठात एम.एस्सी.ला आली आहे. आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. पाचवी गादी पडली की दार उघडत नाही, मग सहावी कुठे घालणार? पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, चार हजारांच्या आत बघा. तुमचं काय, सगळं फ्रीगंज ओळखीचं." ओळखीचं आहे हे खरं. बेचाळीस वर्षं मी एका दिवाणी वकिलांचा मुंशी होतो, आणि आमच्या कपाटातल्या निम्म्या फायली घरमालक-भाडेकरूंच्या होत्या. पण ओळखीचं असणं आणि परवडणारं असणं यांत आता बरंच अंतर पडलं आहे. मुलगी दुसऱ्याच दिवशी कंटाळून म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी म्हणे खोल्या स्वस्त होत्या. कशा काय?"

तिला मी रस्त्यात उत्तर दिलं नाही. ते असं चालता चालता देण्यासारखं नाही.

आमचे आजोबा वाईहून ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत आले, मोजणी खात्यात. उज्जैनला बदली झाली तेव्हा बिऱ्हाड गोपाळ मंदिरामागच्या एका वाड्यात पडलं. हे मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेलं. महाकाळाचं मोडलेलं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. शिंद्यांची राजधानी इथेच होती. पण १८१० साली दौलतराव लष्कर-ग्वाल्हेरला गेले आणि दरबारही त्यांच्यामागे गेला. गावात देवळं, घाट आणि वाडे उरले.

आमच्या वाड्याचे मालक असेच ग्वाल्हेरला. त्यांनी या वाड्यात कधी रात्र काढलेली आजोबांना आठवत नव्हती. चौकाभोवती नऊ बिऱ्हाडं, मध्ये एक विहीर, आणि महिन्याच्या पाच तारखेला वही घेऊन येणारा एक कारकून. एखाद्याचं भाडं थकलं तर कारकून वहीत टिंब काढी. तीन टिंबं झाली की ओट्यावर बसून चहा मागे. त्यापुढे मजल जात नसे. मालकाला त्या भाड्यावर चूल पेटवायची नव्हती. वाडा पडू नये, त्यात माणसं नांदती राहावीत, एवढंच त्याला हवं होतं. छपराची गळती मात्र बिऱ्हाडकरूच काढत. म्हणजे भाडं कमी होतं, पण कौलं आपली आपण शाकारायची. हा हिशेब मला पुढे फार उपयोगी पडला. भाडं स्वस्त दिसलं की मी विचारतो, बाकीचं कोण भरतंय?

यात्रेकरूंचा प्रश्न गावाने केव्हाच सोडवलेला होता. तीर्थपुरोहितांच्या घरी यजमानांची सोय होई. भाडं नाही, दक्षिणा. पण दक्षिणेवर चार दिवस राहता येतं, चार वर्षं नाही. मास्तर, कारकून, रेल्वेचा बाबू, गिरणीतला जॉबर यांना बिऱ्हाड लागतं. आणि अशी माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाढू लागली. १८९६ साली भोपाळ-उज्जैन रेल्वे सुरू झाली. कापडाच्या गिरण्या आल्या : नजरअली, विनोद, हीरा. १९०१च्या जनगणनेत गावाची वस्ती ३९,८९२ होती. जुन्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावं, अशी अवस्था. तिथे आणखी माणूस कुठे मावणार?

तेव्हा माधवराव शिंद्यांनी, म्हणजे आमच्या आजोबांच्या बोलण्यातल्या 'माधो महाराजां'नी, रुळांच्या पलीकडे नवी पेठ वसवली. कागदावर माधव नगर, तोंडात फ्रीगंज. हे इंग्रजी-फारसी जोडनाव कसं पडलं याची गोष्ट इथे सगळे सांगतात : व्यापारी जुनं गाव सोडून यायला तयार नव्हते, म्हणून जकातीची आणि करांची सूट दिली, म्हणून 'फ्री'. महाराजांना रेल्वेचा, यंत्रांचा, सरळ रेषांचा षोक. जंतर-मंतरची वेधशाळा १९२३ साली दुरुस्त झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत, आणि त्या कामात गोविंद सदाशिव आपटे होते. फ्रीगंजचे रस्तेही तसेच, काटकोनात कापलेले. मध्ये घड्याळाचा टॉवर. महाराज १९२५ साली पॅरिसला वारले, पण माधव नगराने त्यांचं नाव राखलं आहे.

या पेठेतलं भाडं सुरुवातीला हलकं राहिलं असेल तर त्याचा काही भाग असा राजाच्या तिजोरीतून गेला होता. दुसरा भाग घराच्या नकाशातून आला, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

फ्रीगंजातली जुनी घरं बघा. पुढे ओटा, त्यामागे बैठक, बाजूला अरुंद बोळ, आणि बोळातून थेट वर जाणारा जिना. जिना घराच्या पोटात नाही, बाहेरून आहे. घर बांधतानाच मालकाने ठरवलेलं असे की वर आपण आणि खाली दोन बिऱ्हाडं, किंवा उलट. मागे परसूत सामाईक नळ आणि संडास. बांधणारे कोण? किराणा व्यापारी, वकील, संस्थानी पेन्शनर. घरासाठी काढलेलं कर्ज बिऱ्हाडकरू फेडत, आणि पुढे म्हातारपणी तेच भाडं पेन्शनीला जोड होई. स्वस्त खोलीसाठी वेगळी इमारत कुणी बांधलीच नाही. ती घरमालकाच्या घराची एक बाजू होती. मालक डोक्यावर राहत असल्याने भाडं फार वाढवायला त्याला संकोच वाटे. रोज सकाळी एकाच नळावर गाठ पडायची.

माधव कॉलेज, शाळा आणि कचेऱ्या यांतली माणसं या खोल्यांत भरली. प्रभाकर माचवे १९३८ पासून दहा वर्षं माधव कॉलेजात शिकवत होते. गजानन माधव मुक्तिबोध चाळिसाच्या दशकात इथे मास्तर होते. घरात मराठी बोलून हिंदीत कविता लिहिणारा माणूस, आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठी कवी. भीमबेटका उजेडात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर याच गावचे. मोठी नावं ही. पण मास्तराचा पगार आणि खोलीचं भाडं यांचं गणित नाव मोठं असलं म्हणून बदलत नसे.

१९५७ साली विक्रम विद्यापीठ निघालं. आमचे वडील तोवर गिरणीच्या हिशेबखात्यात लागले होते. १९५८ साली आम्ही रूळ ओलांडून फ्रीगंजात आलो. दोन खोल्या, अठरा रुपये. मी सहा वर्षांचा होतो. सामान एका हातगाडीवर मावलं, आई म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." घरमालकीण माळवी ब्राह्मण, आम्ही तिला 'माँसाब' म्हणत असू. पहिल्याच दिवशी तिने आईला तीन अटी सांगितल्या : नळ सकाळी सहा ते साडेसहा तुमचा, पापड वाळवायला गच्ची मंगळवारी, आणि सिंहस्थाच्या महिन्यात एक खोली मोकळी करून द्यायची, कारण तिच्या माहेरची वीस माणसं येणार. बारा वर्षांनी एकदा येणाऱ्या महिन्याची अट पहिल्या दिवशी! आईने मान डोलावली. आणि वेळ आली तेव्हा आम्ही सहाजण एका खोलीत झोपलोही.

इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. माँसाबने आम्हाला घर दिलं ते आडनाव ऐकून. गिरणीत वडिलांच्या शेजारी बसणारा एक कारकून बलाई जातीचा होता. पगार तोच, हस्ताक्षर वडिलांपेक्षा सुबक. त्याने फ्रीगंजात महिनाभर खोली शोधली. पाटी दिसे, दार उघडे, नाव विचारलं जाई, आणि खोली 'कालच गेली' असे. मुसलमान विणकरांनी तर इकडे विचारायचंही सोडलं होतं. तो कारकून शेवटी गिरणीजवळच्या वस्तीत एका कच्च्या खोलीत राहिला आणि आमच्याहून चार रुपये जास्त देत होता. वडील हे सांगत तेव्हा 'काय करणार' असं म्हणत. त्यांनी माँसाबकडे शब्द टाकून बघितला नाही. आमच्या अठरा रुपयांतली काही किंमत त्याने भरली, असं मला आता वाटतं.

मग कायदा. स्वातंत्र्यानंतर मध्यभारत राज्य झालं आणि त्याने भाडं बांधून ठेवणारा कायदा केला. त्याच्या नावातच साल होतं, 'संवत २००६'. विक्रमाच्या गावात विक्रम संवताचा कायदा! मध्य प्रदेश झाल्यावर १९६१चा स्थान नियंत्रण अधिनियम आला, आणि माझं पोट त्यावर भरलं. जुन्या घरांचं 'मानक भाडं' काढायची रीत अशी : १ जानेवारी १९४८ला जे भाडं होतं ते धरा, राहत्या घराला त्यावर ३५ टक्के चढवा. मी १९७४ साली वकिलांकडे लागलो तेव्हा दाळ, रॉकेल, सायकलची ट्यूब यांचे भाव १९४८ केव्हाच विसरले होते. भाडं मात्र तिथेच बसलेलं.

कचेरी तेव्हा कोठीत, शिंद्यांच्या महालात. मी सायकलवर फायली बांधून फ्रीगंजातून कोठी रोडने जात असे. महालाच्या कमानीखाली एक म्हातारा घरमालक आणि एक म्हातारा भाडेकरू एकाच बाकावर तारखेची वाट बघत बसलेले मी कितीदा पाहिले आहेत. घरून एकाच टांग्याने आलेले असायचे.

खेळाचे नियम ठरलेले. घरमालकाला भाडेकरू काढायचा असेल तर तो आधी भाडं घेणंच थांबवी, म्हणजे थकबाकी दिसेल. हुशार भाडेकरू मनीऑर्डर करी. ती परत येई, पोस्टमनचा शेरा घेऊन : 'लेने से इन्कार'. हा शेरा आम्ही सोन्यासारखा जपून ठेवायचो. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी भरली नाही तर दावा. दावा लागला की दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भाडं कोर्टात भरायचं. एक तारीख चुकली की बचाव ढासळला. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक पंधरा तारखेला लाल गोल असे. घरमालकाचं दुसरं हत्यार म्हणजे 'सद्भाविक आवश्यकता', खरीखुरी गरज. त्या दाव्यांचा मसुदा मला पाठ होता : वादीचा मुलगा उपवर झाला आहे, त्याच्या लग्नानंतर जागा अपुरी पडेल. दावा निकाली निघेपर्यंत त्या मुलाचा मुलगा शाळेत जायला लागलेला असे.

यात कोण गरीब आणि कोण श्रीमंत, हे फायलीवरून कळत नसे. एका बाजूला टॉवर चौकात दुकान मांडून बावीस रुपये भाडं देणारा शेट, दुसऱ्या बाजूला मालकीण म्हणून शिलाई मशीन चालवणारी विधवा. ऐंशीच्या दशकात सरकारला हे उमगलं. कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं : विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा घरमालकांसाठी वेगळा भाडे नियंत्रण प्राधिकारी, आणि भाडेकरूने पंधरा दिवसांत हजर होऊन 'मला लढू द्या' अशी परवानगी मागायची. तेव्हा आमच्याकडे विधवा पक्षकारांची रांग लागली. काहींना घर मिळालंही. पण तोवर फ्रीगंजातले लोक एक धडा शिकले होते : खोली दिली की गेली.

त्या धड्याने पाट्या काढल्या. आमच्या गल्लीत मी मोजतो, सात घरांचे खालचे मजले कुलूपबंद आहेत. बाहेरचा जिना आहे, बोळ आहे, नळ आहे, राहणारं कुणी नाही. ज्यांनी खोल्या दिल्या ते अकरा महिन्यांचा कागद करू लागले. अकराच का? वर्षाच्या वरचा करार नोंदवावा लागतो, १९०८चा कायदा तसं सांगतो. म्हणून आख्खा देश अकरा महिन्यांत राहतो. नव्वदच्या दशकात विनोद मिलचे भोंगे थांबले आणि गिरणीच्या पगारावर भाडं भरणारी पिढी संपली. वस्ती पुढे ऋषिनगर, सेठी नगर, नानाखेड्याकडे सरकली. २०११च्या जनगणनेत गाव ५,१५,२१५ वर पोचलं.

२०२२च्या ऑक्टोबरात महाकाळाच्या देवळाजवळचा 'महाकाल लोक' परिसर खुला झाला, आणि खोलीचं माप बदललं. आधी खोली महिन्याने मोजत, आता रात्रीने. शनिवार-रविवार, श्रावण, नागपंचमी या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि महाकाळापासून इतक्या दूर फ्रीगंजातही गृहस्थांच्या घरांवर 'होम स्टे'ची निळी पाटी लागते. एका ओळखीच्या घरमालकाने मला सरळ हिशेब मांडून दाखवला : "मुंशीजी, आठ रातें लग जाएँ तो महीने का किराया निकल आता है. बाकी बाईस दिन ताला, कोई झंझट नहीं." त्याला काय उत्तर देणार? तीर्थपुरोहितांची जुनी रीत परत आली आहे, फक्त दक्षिणा आधी ठरवून घेतात. आणि २०२८चं सिंहस्थ तोंडावर आहे.

आता माझं. माझी हयात भाड्याच्या घरात गेली. सध्याच्या दोन खोल्या १९७९ सालच्या, तेव्हा साठ रुपये. आज नऊशे देतो. शेजारी अशाच दोन खोल्यांना आठ हजार पडतात. मालक वारले, मुलगा पुण्याला असतो. त्याने दोनदा विचारलं, दोनदा मी म्हणालो, बघू. पुढचं तो बोलला नाही, कारण मी कोण हे त्याला माहीत आहे. पंधरा तारखेचं लाल कॅलेंडर माझ्या घरात अजून आहे. वाड्याच्या वेळी बाकीचं भाडं ग्वाल्हेरचा सरदार भरत होता, पेठ वसली तेव्हा राजा, माँसाबच्या घरी तो बलाई कारकून. माझे सात हजार शंभर रुपये पुण्याचा एक नोकरदार दर महिन्याला भरतो. आणि त्याला बघून सात घरांना कुलूप लागलं, त्यातल्या एखाद्या खोलीत आज ही मुलगी राहू शकली असती.

परवा खोली मिळाली. पाटी नव्हतीच. शहीद पार्कच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, मराठीच, सगळे त्यांना ताई म्हणतात. दूधवाल्याने सांगितलं म्हणून गेलो. खालची खोली नऊ वर्षं बंद होती. भिंतीला ओल, पण उजेड चांगला. ताई म्हणाल्या, "साडेतीन हजार द्या. मला पैशांचं तेवढं नाही. रात्री पडले-झडले तर हाक ऐकणारं कुणी हवं." मुलीने खिडकी उघडली, परसूतलं पेरूचं झाड बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

स्टॅम्पपेपर मी बरोबरच नेला होता. ओट्यावर बसून लिहायला लागलो : अकरा महिने, डिपॉझिट एका महिन्याचं, वीज मीटरप्रमाणे. ताईंनी एक अट घालायला सांगितली. कागद पुढे वाढवला तर सिंहस्थाच्या महिन्यात खोली मोकळी हवी, त्यांच्या बहिणी येणार. मला आईने डोलावलेली मान आठवली. लिहिलं.

मग ताईंनी चष्मा पुसला. "मुंशीजी, तुम्ही कोर्टातले. खरं सांगा, वेळ आली की ही खोली सोडेल ना?"

"सोडेल."

"तुम्ही स्वतः कुठे राहता?"

सांगितलं.

"भाडं किती भरता?"

तेही सांगितलं. नऊशे.

ताईंनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. आत जाऊन चहा आणला, कप माझ्यापुढे ठेवला आणि कागदावर बोट टेकवलं.

"सोडायची तारीख आकड्यांत लिहिलीय," त्या म्हणाल्या. "अक्षरांतही लिहा."